भरलेली बाटली



 आपल्या मुख्याध्यापकांच्या या अधिवेशनाचा विषय विद्यार्थ्यांची सुरक्षितता आहे, म्हणून एका बाटलीपासून सुरुवात करते.

मी एका अनुदानित शाळेत मुख्याध्यापिका होते, तेव्हाची गोष्ट. पाचवीतली एक मुलगी सकाळी भरून आणलेली पाण्याची बाटली संध्याकाळी तशीच भरलेली घरी न्यायची. हे वर्गशिक्षिकेच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. आमच्या सेविका मावशींच्या आलं. त्यांनी तिला जवळ घेऊन विचारलं. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नव्हती आणि वरच्या वर्गातली मुलं येऊन दार ढकलायची. लघवीला जावं लागू नये म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नव्हती. त्या कडीची तक्रार दोन महिने दुरुस्तीच्या वहीत पडून होती. तिच्याखाली ‘पाहिले’ असा शेरा होता आणि सही माझी होती.

कडी त्याच दिवशी बसली. ती सही मी अजून विसरलेले नाही.

आपल्या अनुदानित शाळांत पगार शासनाचा, कारभार संस्थेचा आणि मूल आपल्या ताब्यात. काही घडलं की संस्था शिक्षण विभागाकडे बोट दाखवते आणि विभाग संस्थेकडे. कायदा मात्र इतका मोघम नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या 19 व्या कलमानुसार मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळताच ती पोलिसांना देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘आधी आपण चौकशी करू, शाळेचं नाव खराब होईल’ हे वाक्य आपल्या कार्यालयांत किती सहज बोललं जातं! पोलिसांत जायचं की नाही हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाहीच.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरात चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेतच अत्याचार झाल्याची तक्रार आली. आरोप होता कंत्राटावर घेतलेल्या सफाई कामगारावर. तक्रार नोंदवण्यासाठी पालकांना ताटकळावं लागलं आणि 20 तारखेला लोक रेल्वे रुळांवर उतरले. मग आदेश निघाले: सीसीटीव्ही बसवा, चारित्र्य पडताळणी करा, तक्रारपेटी लावा. शाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या नेमण्याचा आदेश तर 2022 चाच होता. हे सगळं हवंच. पण कॅमेरा स्वच्छतागृहात लावता येत नाही आणि चार वर्षांचं मूल तक्रारपेटीत चिठ्ठी टाकत नाही. त्याला ओळखीचं माणूस लागतं.

आणि नेमकं तेच माणूस आपण गमावतो आहोत. डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतली शिपायांची पदं रिक्त होतील तशी संपवत नेली आणि त्यांच्या जागी ठोक शिपाई भत्ता आणला. त्या पैशांत कायमचं माणूस मिळत नाही. आज एक येतो, तीन महिन्यांनी दुसरा. कुठल्या मुलीला न्यायला आजोबा येतात आणि कुणाच्या घरी भांडणं चालली आहेत, हे त्याला कळणार कसं? आमचे फाटकावरचे शिपाईमामा तर अनोळखी माणसाच्या हाती मूल देत नसत, मग तो स्वतःला सख्खा काका का म्हणवेना. घरून फोन येईपर्यंत ते मुलाला स्वतःच्या स्टुलावर बसवून ठेवायचे. या नजरेला आपण कधी सुरक्षा व्यवस्था म्हटलंच नाही, म्हणून ती काढून घेतली तेव्हा भांडायला शब्दही सापडले नाहीत.

म्हणून उद्याच्या खुल्या अधिवेशनात पहिला ठराव वेतनाचा नको, प्रत्येक शाळेत किमान एक कायम सेविका आणि एक कायम शिपाई हवा, याचा घ्या. तो मी स्वतः मांडेन. आणि सोमवारी शाळेत गेलात की खुर्चीत बसण्याआधी मुलींच्या स्वच्छतागृहापर्यंत जा, दार आतून लावून पाहा.