बहिष्काराचे अर्थशास्त्र

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



हक्क कायद्याने मिळतात की चळवळीने, हा वाद आपल्या अभ्यासवर्गांना नवा नाही. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले, त्यामुळे माझा प्रश्न थोडा निराळा आहे. मिळालेला हक्क वापरावयाचा म्हटले तर त्याची किंमत कोणी मोजावयाची?

महाडचेच उदाहरण घ्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यानुसार चवदार तळे खुले केले. कागदावर हक्क पूर्ण झाला. परंतु तीन वर्षे त्या तळ्यावर कोणी जाऊ शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे तेथे पाणी प्याली, आणि त्याच दिवशी परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला व विरोधकांनी दिवाणी न्यायालयाकडून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. उच्च न्यायालयाचा निकाल सत्याग्रहींच्या बाजूने लागला तो मार्च १९३७ मध्ये. ओंजळभर पाण्याचा कायदेशीर निवाडा होण्यास दहा वर्षे लागली!

हा इतिहास आपणांस ठाऊक आहे. त्या मानाने दुर्लक्षित राहिला तो स्टार्ट समितीचा अहवाल. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या या समितीचे डॉ. आंबेडकर हे एक सदस्य होते, आणि समितीने १९३० मध्ये जे नोंदविले ते अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुळातून वाचावे असे आहे. अस्पृश्यांपैकी काही जण सवर्णांची जमीन त्यांच्या मर्जीवर कसतात, काही त्यांच्या शेतावर मजुरी करतात, उरलेले गावकीच्या कामाबद्दल मिळणाऱ्या भाकरीवर वा धान्यावर जगतात. हक्क मागताच जमीन काढून घेतली जाते, मजुरी बंद होते, बलुते थांबते, रस्ता अडविला जातो आणि वाणी मीठमिरची देणे बंद करतो. दडपशाहीचे याहून परिणामकारक शस्त्र आपणांस ठाऊक नाही, अशा आशयाचा निष्कर्ष समितीने काढला.

वाण्याचा उल्लेख मी हेतुतः केला. माझ्या वडिलांचे गावात किराण्याचे दुकान होते. मी आठनऊ वर्षांचा असताना गावातील बौद्ध वस्तीने मेलेली जनावरे ओढण्याचे काम सोडले. दुसऱ्या दिवशी वस्तीतील एक बाई रॉकेलची बाटली व पिशवी घेऊन दुकानाच्या पायरीशी आली. वडील म्हणाले, “माल संपला आहे.” मागे ज्वारीची पोती रचलेली होती, आणि ती त्या बाईलाही दिसत होती. ती काही बोलली नाही, परत गेली. माझे वडील कठोर गृहस्थ नव्हते. “गावाने ठरविले आहे,” एवढेच ते घरात म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात वस्तीने ते काम पुन्हा धरले.

अस्पृश्यता (अपराध) अधिनियम १९५५ चा आहे. म्हणजे त्या दिवशी तो कायदा माझ्याहून वयाने मोठा होता. बहिष्काराची व्याख्याही त्यात होती: घरजमीन वापरू न देणे, व्यवहार नाकारणे, रूढ सेवा बंद करणे. संसदेच्या शहाणपणात उणीव नव्हती. परंतु तक्रार करावयाची कोणाविरुद्ध? बहिष्कारात कोणी काही करीत नाही. जो तो केवळ करावयाचे थांबतो. एकट्या दुकानदाराचा नकार हे व्यापाराचे स्वातंत्र्य म्हणून मिरविता येते; मात्र सारे गाव एकाच दिवशी नकार देते तेव्हा ती मक्तेदारी असते, आणि तिच्यापुढे उपाशी माणसाचा हक्क तीन आठवडेच टिकतो.

पुढे १९७२ चा दुष्काळ आला. सरकारी रस्त्याचे काम निघाले, आणि वस्तीतील बायामाणसे खडी फोडावयास जाऊ लागली. आठवड्याचा पगार हाती येई, आणि तो देणारा गावचा नव्हता. त्याच वर्षी वस्तीने जनावरे ओढणे पुन्हा सोडले. गावाने पुन्हा बहिष्कार पुकारला. पण वस्तीने तालुक्याच्या बाजारातून मीठ आणले, आणि गावाचा ठराव आपोआप विरला. वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेल्या रोजगार हमी योजनेचा १९७७ मध्ये कायदा झाला. त्याचे मूल्यमापन आम्ही प्राध्यापक किती विहिरी, किती बंधारे, या हिशेबाने करीत आलो. ‘नाही’ म्हणण्याची ताकद किती जणांना मिळाली, याचा रकाना आमच्या तक्त्यांत नव्हता.

यावरून भाकरी आधी व हक्क मागाहून, असा सोयीस्कर अर्थ कोणी काढू नये. वस्तीने पहिल्यांदा काम सोडले ते हाती काहीही नसताना; तो निर्णय भाकरीतून आलेला नव्हता. तसेच कायदा निरर्थक, असेही मी म्हणत नाही. १९५५ च्या कायद्याला १९७६ मध्ये ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ हे नाव मिळाले. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला, आणि २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा त्याखालील गुन्हा ठरला. जातपंचायतींच्या जुलमाविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी स्वतंत्र कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. ही सारी चळवळींची कमाई आहे. माझे म्हणणे एवढेच की, तक्रारीनंतरच्या तीन आठवड्यांची तरतूद एकट्या कायद्याच्या पुस्तकावर सोपवून चालत नाही. ती संघटनेला करावी लागते.

तेव्हा उद्या एखाद्या गावी बहिष्कार पडल्याचे कळले, तर निषेधाचे पत्रक अवश्य काढा, मात्र आधी तेथे धान्य पोचवा, रोजगाराच्या कामाची मागणी नोंदवा, फिर्यादीबरोबर ठाण्यावर जा, आणि दुकानदाराच्या पायरीवर उभे राहून त्याला विचारा, “माल खरोखरच संपला आहे काय?” माझ्या वडिलांना तसे विचारणारा त्या दिवशी कोणी नव्हता. मी तेथेच उभा होतो, आणि मीही विचारले नाही.