रात्रपाळीत प्रार्थना कशी करायची?

ज्यांना हा भाग ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी तो इथे लिहून देतोय. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

मी राहतो अंजूरला, भिवंडीजवळ. नोकरी हिशेबाची आहे. सुट्टीच्या दिवशी आमच्या पॅरिशसाठी घरभेटी करतो. चर्च खाडीपलीकडे ठाण्यात, आणि आमची माणसं इकडे काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोलीत पसरलेली. बरेचजण गोदामांत कामाला. तुमच्या फोनवरून मागवलेलं पार्सल यांच्याच हातून पॅक होऊन येतं. शिफ्ट बारा तासांची, त्यातही आठवड्याआड रात्रपाळी. रविवारची मिस्सा त्यांना महिन्यातून एकदा मिळाली तरी खूप.

तर अशाच एका पोराने, वय तेवीस, मला विचारलेला प्रश्न आजचा विषय आहे. अंजूरफाट्यावर चहा घेताना तो म्हणाला, "काका, पप्पा चार महिने डायलिसिसवर आहेत. मम्मी रोज रोझरी म्हणते. मी रात्री बाराला ब्रेक मिळाला की दोन मिनिटं डोळे मिटतो, आणि मनात फक्त भांडण येतं. ही प्रार्थना झाली का? नसेल तर मी बंद करतो. उगाच नाटक नको."

त्याच्या फोनवर वचनांचे फॉरवर्ड रोज येतात. सूर्योदय, कबुतर, खाली एक ओळ, आणि 'दहा जणांना पाठवा, आज चमत्कार होईल'. मला या प्रकाराचा राग आहे, स्पष्टच सांगतो. बाप डायलिसिसवर असलेल्या पोराला हे पाठवणं म्हणजे, बरं वाटलं नाही तर तुझाच विश्वास कमी, असं सांगण्यासारखं आहे.

मी त्याला म्हटलं, मार्कचं शुभवर्तमान उघड. अध्याय चार, ओवी पस्तीस ते एक्केचाळीस. सातच ओव्या आहेत. मनात नको, हळू आवाजात वाच.

गोष्ट तुम्हाला माहीत असेल. संध्याकाळ झालीय, दिवसभर लोकांशी बोलून येशू दमलाय. शिष्य त्याला होडीत घेतात. वादळ येतं, होडीत पाणी भरायला लागतं, आणि हा मागच्या बाजूला उशीवर झोपलाय. ही उशी फक्त मार्कने लिहिलीय. मत्तय आणि लूक हीच गोष्ट सांगतात, पण उशी त्यांच्याकडे नाही. मला ही उशी फार आवडते. पाळी संपवून पडलेला माणूस जसा झोपतो, तसा तो झोपलाय.

शिष्य त्याला उठवतात आणि काय म्हणतात? स्तुती नाही, स्तोत्र नाही. आम्ही मरतोय आणि तुला काहीच वाटत नाही का, असं विचारतात. भांडतातच. तो उठतो, आधी वारा शांत करतो, आणि मग त्यांना त्यांच्या भीतीबद्दल, विश्वासाबद्दल दोन शब्द सुनावतो. हा क्रम बघा. आधी विश्वास सिद्ध करा, मग वादळ बघतो, असं तो म्हणत नाही.

पोरगं काही बोललं नाही. चहा गार झाला. मग म्हणालं, "म्हणजे उठवायला हरकत नाही." मी म्हटलं, नाही.

अशा वाचनाला जुनी परंपरा आहे. बाराव्या शतकात गिगो नावाच्या एका फ्रेंच मठवासीयाने त्याच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग देवासमोर नुसतं राहणं. लॅटिन नाव 'लेक्सियो दिविना', पण नाव विसरलात तरी चालेल. तुकडा छोटा घ्या. एकदा वाचा, पुन्हा वाचा. एखादा शब्द अडतो, तिथे थांबा. माझा शब्द उशी, तुमचा दुसरा असेल. त्या शब्दावरून जे तोंडात येईल ते देवाशी बोला. मग गप्प बसा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर सुपरवायझरचा मेसेज तिसऱ्या पायरीवरच येतो, अनुभव आहे!

आता कुणी म्हणेल, फादर नाहीत, चर्च लांब, एकट्याने वाचून काय होणार? इथे मला अंजूरचाच इतिहास आठवतो, आणि तो आपल्यासाठी जरा अवघड आहे.

आमचं गाव ओळखलं जातं गंगाजी नाईक अंजूरकरांमुळे. पोर्तुगीजांनी वसई आणि साष्टीत देवळं पाडली, धर्मासाठी लोकांचा छळ केला. त्याविरुद्ध नाईक बंधू पेशव्यांपर्यंत पोहोचले. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे-साष्टी घेतली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. इथे राहणाऱ्या ख्रिस्ती पोराला हे कधी ना कधी ऐकवलं जातं: "तुम्ही पोर्तुगीजांचे." त्या पोरालाही गोदामात कुणीतरी ऐकवलं होतं. माझं उत्तर असं की नाईकांची तक्रार खरी होती. ती खोटी ठरवून आपली श्रद्धा मोठी होत नाही. सत्तेच्या जोरावर लादलेली प्रार्थना ही प्रार्थनाच नसते, हे आपण इतरांच्या आधी म्हणायला पाहिजे.

पण पुढचं कुणी सांगत नाही. वसईच्या तहात ख्रिस्ती लोकांना आपल्या धर्माप्रमाणे वागायची मोकळीक ठेवली होती. युरोपीय धर्मगुरू गेले, आणि लोकांची काळजी घेण्याचं काम थोड्याशा स्थानिक धर्मगुरूंवर आलं. सत्ता गेली, संरक्षण गेलं. तरी १७६० मध्ये आंकतिल द्यु पेरों हा फ्रेंच प्रवासी साष्टीतून गेला, तेव्हा इथले ख्रिस्ती उघडपणे सण साजरे करताना त्याला दिसले. मराठा राज्यात, मराठी बोलत! माझ्या मते ही श्रद्धा टिकली ती घराघरातल्या संध्याकाळच्या प्रार्थनेमुळे आणि गाण्यांमुळे. कुणी आजी सुरुवात करते, बाकीचे मागून म्हणतात. पाळकीय सेवा म्हणजे फक्त फादरांचं काम, असं समजणाऱ्यांनी त्या आज्यांचा विचार करावा.

आणि वाचायला काय होतं? फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापून आलं, मराठीत, ओवीबद्ध, जवळजवळ अकरा हजार ओव्या. ते काम करत ती साष्टी गोव्यातली हं, आपली ठाण्याची नाही, नावामुळे गल्लत होते. नवख्रिस्ती लोकांची मागणी होती की जुन्या पोथ्या सुटल्या, आता आम्ही वाचायचं काय? त्यांनी ज्ञानेश्वरीच्याच छंदात उत्तर दिलं. पुढे १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने लोकभाषेविरुद्ध फर्मान काढलं. तरी लोकांनी हाताने नकला करून पुराण जपलं. एकजण वाचणार, बाकीचे ऐकणार. आजच्या भाषेत पॉडकास्टच झाला की!

तुमच्या हातातल्या फोनवर आज सबंध बायबल मराठीत मिळतं. भाषा जड वाटत असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' मिळवा. वसईच्या या धर्मगुरूंनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं, आणि २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार त्याला मिळाला. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. निवडीला विरोध झाला, तब्येत बरी नव्हती, तरी ते आले आणि बोलले. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. भिवंडी रोड स्टेशनवरून वसईची गाडी पकडली की ज्या हिरव्या पट्ट्यासाठी ते लढले, तो तासाभराच्या अंतरावर आहे.

त्या पोराच्या पप्पांचं डायलिसिस चालूच आहे. आठवड्यातून दोनदा. पोराने ब्रेकमधलं वाचन सोडलेलं नाही. सध्या तेराव्या स्तोत्रावर आहे, जिथे भक्त देवाला चार वेळा 'कुठवर' असं विचारतो. त्याचा शिफ्टमधला जोडीदार उत्तर प्रदेशचा, मुसलमान. तो बाजूला डबा खात बसतो आणि याचं होईपर्यंत फोनवर गाणं लावत नाही. गेल्या आठवड्यात त्याने विचारलं, "आज क्या पढ़ा?" तर याने त्याला होडीची गोष्ट सांगितली.

पुढच्या भागात स्तोत्र तेरा घेऊ. सहाच ओव्या आहेत, आधी वाचून ठेवा. तुमचा शब्द कुठे अडला ते व्हॉइस नोटवर पाठवा, एक मिनिटाच्या आत.