इंग्रजीचा शिक्षक आणि परदेशातील पदवी

इंग्रजी शिकवणाऱ्या एखाद्या शिक्षकाने पदव्युत्तर अभ्यासासाठी विलायतेस जाण्याचा मनसुबा जाहीर केला, की स्नेहीमंडळी बहुधा दोनच गोष्टी विचारतात, खर्च किती आणि परतल्यावर पगारात वाढ किती. हे प्रश्न रास्तच आहेत. पण तेथे जाऊन शिकायचे ते नेमके काय, हा प्रश्न पुष्कळदा खुद्द जाणाऱ्यानेही स्वतःला विचारलेला नसतो.

आपल्याकडील इंग्रजीच्या शिक्षकाची तयारी प्रायः वाङ्मयाची असते. शेक्सपिअरच्या शोकांतिकांवर तो तासन्‌तास बोलू शकेल. परंतु आठवीतला मुलगा ‘ही सेड दॅट आय ॲम कमिंग’ असे का लिहितो, याचा उलगडा त्याला त्या तयारीने होत नाही, आणि म्हणून तो लाल शाईची रेघ ओढून पुढची वही हाती घेतो. वास्तविक त्या मुलाने हयगय केलेली नसते. ‘तो म्हणाला, की मी येतो आहे’ या मराठी वाक्यात बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवण्याची मुभा आहे, आणि तोच नियम त्याने इमानेइतबारे इंग्रजीला लावलेला असतो. अशा चुकांचा शास्त्रशुद्ध विचार ज्या शाखेत होतो, त्या उपयोजित भाषाविज्ञानाचे स्वतंत्र अध्यापन एडिंबरो विद्यापीठात 1957 साली सुरू झाले. तेथील अध्यापक पिट कॉर्डर यांनी 1967 साली एका निबंधात असे प्रतिपादन केले, की शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे त्याच्या मनात घडत असलेल्या व्याकरणाचा पुरावा होय. हा विचार एकदा अंगी मुरला, की वह्यांचा गठ्ठा कंटाळवाणा राहत नाही. कोणती चूक आज दुरुस्त करावी, कोणती तूर्त सोडून द्यावी आणि कोणत्या चुकीसाठी धड्यांचा क्रमच बदलावा, हे ठरवण्याचा अधिकार शिक्षकाला त्यातून प्राप्त होतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विलायतेत जे अध्यापनशास्त्र शिकवले जाते, त्याचा महत्त्वाचा भाग आशियातल्या वर्गांत प्रथम हाती लागला आहे. मायकेल वेस्ट यांनी इंग्रजी वाचन शिकवण्याचे आपले प्रयोग ढाक्यात केले, हॅरल्ड पामर यांनी 1923 साली टोकियोत संशोधनसंस्था उभारली, आणि ए. एस. हॉर्नबी यांचा, आपल्या घरोघरी पोहोचलेला विद्यार्थिकोश 1942 साली प्रथम जपानात छापला गेला. त्याच कोशाच्या उत्पन्नावर हॉर्नबींनी 1961 साली विश्वस्तनिधी स्थापन केला, आणि त्यातून आज अनेक देशांतील अनुभवी इंग्रजी शिक्षकांना ब्रिटनमध्ये एक वर्षाच्या एम.ए.साठी शिष्यवृत्ती मिळते. अनुभवी हा शब्द मी मुद्दाम उच्चारला. कारण ज्याने वर्गच पाहिला नाही, त्याला तेथील चर्चेत सांगण्यासारखे फारसे काही नसते. आणि तेथे जाऊनही अभ्यास आपल्या माणसांचा करता येतो. आपल्याच भाषावैज्ञानिक अशोक केळकरांनी 1958 साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. तत्पूर्वी एक वर्ष त्यांनी ‘वर्ड’ या भाषाविज्ञानाच्या नियतकालिकात जो लेख लिहिला, त्याचा विषय होता मराठी माणसांचे इंग्रजी! सातासमुद्रापलीकडे जाऊन त्यांनी कान लावला तो आपल्याच माणसांच्या उच्चाराकडे. (उलटपक्षी काहीजण परततात ते केवळ स्वतःचा उच्चार बदलून, वर्गातली मुले आठवडाभर कौतुकाने ऐकतात आणि मग नकला करू लागतात.)

अशी तयारी असलेल्या माणसाला येथे कामाची वाण नाही. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले, आणि ज्यांनी इंग्रजी हा विषय शिकवण्याचे कधी मनातही आणले नव्हते अशा प्राथमिक शिक्षकांवर तो अकस्मात येऊन पडला. त्यांची प्रशिक्षणे, पाठ्यपुस्तकांची रचना, बोलण्याची परीक्षा घ्यावी कशी याचे आराखडे, या कामांसाठी मुलांच्या चुकांचा हिशेब ठेवू शकणारी माणसे लागतात, आणि शिक्षकाला पुढे जाण्याची एक वाट अशा कामांतूनही मिळू शकते.

सरकारदरबारच्या बाबी मात्र अगोदर उरकाव्यात. विलायतेची एम.ए. पदरी पडली म्हणून शाळेत लागणाऱ्या बी.एड.ची किंवा महाविद्यालयातील नेट-सेटची अट माफ होत नाही. ब्रिटनच्या एक वर्षाच्या पदव्युत्तर पदवीला येथे समकक्ष मानण्याचा करार उभय देशांत 2022 च्या जुलैत झाला. तत्पूर्वी या एका वर्षापायी अनेकांच्या दरखास्ती अडून राहत. नोकरीत असलेल्याने अभ्यासरजेची मंजुरी आणि परत रुजू होण्याचा हक्क लेखी मिळवल्याखेरीज तिकीट काढू नये. आणि सामानात जागा असेल, तर आपल्या वर्गातील निबंधांच्या वीस-पंचवीस वह्या, पालकांची व शाळेची परवानगी घेऊन, अवश्य न्याव्यात. प्रबंधाला विषय शोधत हिंडावे लागणार नाही.