गुरुवारी साडेसात वाजता

(१९९६च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'परदेशातले अनुभव' असा विषय दिला होता. त्यावर बोलायचं तर थंडी, भाडं आणि मेथी कुठे मिळते, एवढंच निघेल. म्हणून मी माझ्या मनानं विषय बदललाय. शाळेत असताना निबंधाचा विषय बदलला की बाई शून्य द्यायच्या. बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत, तेव्हा धोका पत्करून सांगते.

२०११ साली आम्ही कंपनीच्या कामासाठी इंग्लंडमध्ये, रेडिंगला राहत होतो. त्या एप्रिलमध्ये बीबीसी फोर या चॅनेलनं 'टॉप ऑफ द पॉप्स'चे जुने भाग पुन्हा दाखवायला सुरुवात केली. हा त्यांचा गाण्यांचा साप्ताहिक कार्यक्रम. त्या आठवड्यात कोणत्या रेकॉर्ड जास्त खपल्या ते पाहायचं आणि त्यातले गायक स्टुडिओत बोलवायचे. आपल्याकडे छायागीत आणि चित्रहारला घर जसं टीव्हीसमोर गोळा व्हायचं, तसं त्यांचं याला. १ जानेवारी १९६४ला सुरू झाला, २००६ साली बंद पडला. बीबीसी फोरनं सुरुवात केली १९७६पासून, आणि तीसुद्धा अगदी क्रमानं. म्हणजे १९७६च्या एप्रिलमधला भाग २०११च्या एप्रिलमध्ये, गुरुवारी संध्याकाळी साडेसात वाजता.

मला त्यातलं काही कळत नव्हतं. दुसऱ्याच्या लग्नाचा अल्बम बघावा तसं मी बघायचे. पण शुक्रवारी ऑफिसात चहाच्या वेळी जी चर्चा व्हायची, ती ऐकण्यासारखी असायची. आमच्या टेस्टिंगचा प्रमुख पन्नाशीचा होता, १९७६ साली तो पंधरा वर्षांचा. सुरुवातीला त्याचा उत्साह एवढा, की गुरुवारी पाचनंतर मीटिंग ठेवायची नाही. दोन महिन्यांत त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "आम्ही पोरांना सांगत आलो की आमच्या काळातलं संगीत म्हणजे सोनं. आणि आता पोरगी शेजारी बसून बघतेय, तर हे!" 'हे' म्हणजे ब्रदरहुड ऑफ मॅन. त्यांचं 'सेव्ह युअर किसेस फॉर मी' हे गाणं त्या वर्षी सलग सहा आठवडे पहिलं होतं. मग जूनमध्ये वर्झेल्स नावाच्या मंडळींचं कापणी-मळणीच्या यंत्रावरचं विनोदी गाणं पहिलं आलं. ते ऐकून मला आपल्या गॅदरिंगमधल्या विनोदी शेतकरी-नृत्याचीच आठवण झाली. तो बिचारा पंक संगीताची वाट बघत होता. त्याच्या आठवणीत १९७६ साल म्हणजे पंक. पण गल्लीतली दहा पोरं काय ऐकतात आणि दुकानात लाखानं काय खपतं, यात फरक असतो, आणि कॅमेऱ्यासमोर खपणाऱ्यांनाच बोलवत.

गंमत म्हणजे तो नावं ठेवत राहिला आणि एकही गुरुवार चुकवला नाही. गाणी सोडून तो हळूहळू मागचं पब्लिक बघायला लागला. स्टुडिओत पंधरा-सोळा वर्षांची मुलंमुली उभी असायची. अवजड कॅमेरा पुढे यायचा, तशी त्यांना इकडून तिकडे सरकवत. कुणी ताल सोडून डुलतंय, कुणी गायकाकडे पाठ करून टीव्हीत आपण दिसतोय का ते बघतंय, कुणाचा चेहरा भूगोलाच्या तासाला बसल्यासारखा. शुक्रवारी हाच विषय. तो चौकड्यांचा स्वेटर बघितलास का? आमच्या शाळेत अगदी अस्सा एक होता.

आमच्या शेजारी सत्तरीच्या एक बाई राहायच्या. एकट्याच होत्या. कधी कधी त्या मला गुरुवारी चहाला बोलवायच्या आणि टीव्ही लावायच्या. गाण्यांशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. एखादा गायक येऊ शकला नाही, तर त्या काळी त्याच्या रेकॉर्डवर कार्यक्रमाचं नृत्यपथक नाचायचं. ते आलं की बाई हसायला लागायच्या. त्यांचे मिस्टर म्हणे त्या वेळी पेपरमागे तोंड लपवून "काय हा गोंगाट" म्हणत बसायचे, आणि नाचणाऱ्या मुली आल्या की पेपर बरोबर चार इंच खाली यायचा. हे सांगताना त्या टीव्हीकडे बघत नव्हत्या. समोरच्या खुर्चीकडे बघत होत्या.

माझीही पाळी आली. टीना चार्ल्स नावाच्या गायिकेचं गाणं लागलं, आणि त्याचा संगीत-निर्माता बिद्दू. बिद्दू म्हणजे आपला बंगळूरचा, साठच्या दशकात इंग्लंडला गेलेला. आणि १९९५ साली अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' केलं, ते यानंच! ज्या गाण्यावर आपण आठ जणींनी ओढण्या डोक्याला बांधून गॅदरिंगमध्ये नाच केला आणि सरांनी मागून "आवाज कमी करा" असं तीनदा सांगितलं, त्या गाण्याचा माणूस. मी टेस्टिंगवाल्याला हे सांगितलं. जोडीला हेही सांगितलं, की तुमच्या क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी आमच्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, आमच्या वाईतून पसरणीचा घाट चढला की पाचगणी. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. घरी जाऊन त्यानं खात्री केली आणि सोमवारी माझ्याकडे जरा आदरानं बघायला लागला. दहा वर्षांच्या कोडिंगनं जे झालं नव्हतं, ते पसरणीच्या घाटानं केलं.

पुढच्या वर्षी, २०१२च्या ऑक्टोबरमध्ये, या सगळ्याला वेगळंच वळण लागलं. जिमी सॅव्हिल हा या कार्यक्रमाचा पहिला निवेदक आणि पुढेही वर्षानुवर्षं त्यात. तो २०११ साली वारला, तेव्हा देशानं हळहळ व्यक्त केली होती. वर्षभरानं आयटीव्हीच्या माहितीपटातून बाहेर आलं, की त्यानं किती मुलींवर आणि मुलांवर अत्याचार केले होते. बीबीसीनं त्याचे भाग दाखवणं बंद केलं. निवेदक आलटून पालटून असायचे, त्यामुळे मधले मधले आठवडे गळायला लागले. ऑफिसात दोन तट पडले. एकजण म्हणाला, यात गायकांचा काय दोष, त्यांची गाणी का गाडायची? टेस्टिंगवाला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दीड वर्ष मी मागची पोरं बघून हसतोय. त्यातल्या काही मुली त्याच्या अंगाला खेटून उभ्या असायच्या. तो खांद्यावर हात टाकायचा. मी त्यांचे कपडे बघत होतो." त्यानं नंतर पुन्हा तो कार्यक्रम लावला की नाही, मी विचारलं नाही. ते भाग काढले हे माझ्या मते बरोबर झालं. कपाटात मात्र ते राहिलेच पाहिजेत. प्रक्षेपण थांबवणं वेगळं आणि टेप पुसणं वेगळं.

आता पुसण्याबद्दल, कारण मला मुळात तेच बोलायचंय.

पुनःप्रक्षेपण १९७६पासूनच का? कारण त्याच्या आधीचे बहुतेक भाग शिल्लकच नाहीत. दोन इंच रुंदीची व्हिडिओ टेप महाग होती. एकदा कार्यक्रम दाखवून झाला, की त्याच टेपवर दुसरं मुद्रण करायचं, अशी पद्धत होती. १६ जून १९६६ला बीटल्स स्वतः या स्टुडिओत आले होते. ती टेप पुसली गेली. कुणीतरी घरी टीव्हीसमोर ८ मिलिमीटरचा कॅमेरा धरून घेतलेले काही सेकंद २०१९ साली सापडले, तेही मूक. डेव्हिड बोवीचं १९७३च्या जानेवारीतलं 'द जीन जीनी' असंच गेलं म्हणून सगळे बसले होते. पण जॉन हेन्शॉल नावाच्या कॅमेरामननं स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून त्याची एक प्रत करून घेतली होती, आणि ती अडतीस वर्षं त्याच्याजवळ होती. २०११च्या डिसेंबरमध्ये ती दाखवली. आपल्याकडे काय दुर्मीळ आहे, याची त्या गृहस्थाला इतकी वर्षं कल्पनाच नव्हती.

आपल्या दहावीच्या गॅदरिंगचं शूटिंग झालं होतं, आठवतंय? व्हिडिओवाल्यानं प्रती विकल्या होत्या. आमच्या बाबांनी एक घेतली होती. त्यानं कॅसेटच्या कडेचं प्लॅस्टिकचं टोक मोडून दिलं होतं, म्हणजे वर दुसरं काही टेप होऊ नये. ९ मार्च १९९६, बंगळूर, भारत-पाकिस्तान, वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल. मी आतल्या खोलीत बीजगणित करत होते आणि बाहेर दादाला कोरी कॅसेट सापडेना. त्यानं त्या मोडक्या टोकावर चिकटपट्टी लावली. पण दादा माया करणारा. त्यानं आधी कॅसेट लावून माझा नाच पूर्ण होऊ दिला आणि मगच रेकॉर्डचं बटण दाबलं. त्यामुळे आज माझ्या कॅसेटमध्ये ईशस्तवन आहे, मुख्याध्यापकांचं भाषण आहे, 'मेड इन इंडिया' आहे, पडदा पडतो, निवेदक माईक हातात घेऊन पुढच्या मुलीचं नाव सांगायला तोंड उघडतो, आणि अजय जडेजा वकार युनूसला चौकार मारतो.

ती पुढची मुलगी कोण, ते तुम्हाला माहीत आहे. 'ब' तुकडीतली आपली मैत्रीण. संगीताच्या बाईंनी तिच्याकडून महिनाभर एक नाट्यपद बसवून घेतलं होतं. तिला जाऊन आठ वर्षं झाली. तिची मुलगी यंदा बारावीला आहे. मागच्या दिवाळीत तिनं मला फोन केला. "मावशी, आई गायची असं सगळे सांगतात. मी कधी ऐकलंच नाही. तुमच्याकडे काही आहे का?" मी तिला पाठवलं ते हे एवढंच. उघडलेलं तोंड आणि जडेजा. ती हसली. मग म्हणाली, "निवेदकाच्या मागे पडद्याची फट आहे, त्यात निळी साडी दिसतेय, ती आई आहे का?"

मी ते चित्र थांबवून, मोठं करून बघितलं. निळी साडी आहे खरी. चेहरा कळत नाही. संगीताच्या बाई इथे आहेत, त्यांना मी जेवणानंतर लॅपटॉपवर दाखवणार आहे. साडी त्यांनीच नेसवली होती, असं ऐकलंय.

तेव्हा हेच मागायला उभी राहिले. तुमच्या आईवडिलांच्या घरी माळ्यावर, शोकेसच्या खालच्या कप्प्यात, जुन्या व्हीसीआरच्या खोक्यात बघा. पंधरा-वीस प्रती तरी गेल्या असतील. कॅसेटवर 'लग्न' लिहिलंय म्हणून सोडू नका, आमच्यावर 'स्नेहसंमेलन' लिहिलंय आणि आत क्रिकेट आहे. सापडली की लगेच कुठल्याही मशीनमध्ये घालू नका. खिडकीतून आत बघा. फितीवर पांढरी बुरशी असेल तर मशीन ती फीत चावते आणि उरलंसुरलंही जातं. तशीच, गुंडाळून, माझ्याकडे द्या. माझ्याकडे चालू व्हीसीआर आहे आणि ती कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं साधनही. रविवार सकाळपर्यंत मी वाईत, आईकडेच आहे. घर तेच, गणपती घाटाजवळचं. दादाही आलाय. त्याला काय बोलायचं ते बोला, मी मध्ये पडणार नाही.