तळ्याखालचं शिवार



वणीच्या माणसाला दोन शब्द बोलायला सांगितलं, की खदान आलीच!

गेल्या हिवाळ्यात नातवाला घेऊन सावनेरला गेलो होतो. तिथं वेकोलिनं खाणीच्या आवारात छान बगीचा केला आहे. २०१६ मध्ये एमटीडीसीच्या सोबतीनं खाण-पर्यटनही सुरू केलं. झाडं, छोटी रेल्वे आणि भुयारी खाणीची प्रतिकृती. नातू म्हणाला, "आबा, एवढ्या अंधारात माणसं जातात?" आपल्यापैकी किती जणांचे वडील डोक्यावर दिवा लावून राजूर कॉलरीत उतरायचे, ते त्याला सांगितलं.

आपल्याकडे उकणी, निलजई, मुंगोलीच्या खाणी उघड्या. वरची काळी माती काढायची, खडक फोडून ढिगारे रचायचे, मग कोळसा. कोळसा संपला की खड्डा उरतो आणि त्यात पाणी साचतं. उद्या तिथंही तळं होईल, होड्या फिरतील. व्हावंच! आपली नातवंडं तिथं खेळावीत. पण त्या पाण्याखाली कुणाची तरी पऱ्हाटी होती, विहीर होती, पांदण होती. त्या घरची पोरं आपल्याच बाकावर बसून शिकली.

फाटकावर कंपनीचं नाव लागेल. शिवाराची नावं आपल्यालाच जपावी लागतील. बाहेर टेबलावर एक कोरी वही ठेवली आहे. ज्यांची शेतं खाणीत गेली, त्यांनी शेताचं, विहिरीचं, पांदणीचं नाव तिच्यात लिहून जावं. ही वही शाळेच्या वाचनालयात राहील.

जेवणाआधी लिहा, नंतर गप्पांत राहून जाईल.