पाणी उचलणारी वीज



महाराष्ट्रात वीज आधी कोणाला मिळाली? 1915 साली टाटांच्या खोपोलीच्या केंद्रात वीज तयार झाली, ती थेट मुंबईच्या गिरण्यांना गेली. त्यासाठी तलाव झाले मावळात, जमिनी बुडाल्या मावळच्या. उद्योगाला उशिरा लागलेल्या देशांत असंच घडत गेलं: भांडवल तोकडं, म्हणून वीज आधी कारखान्याला, खेड्याचा नंबर मागून. अमेरिकेतसुद्धा 1935 च्या सुमारास दहातल्या नऊ शेतकऱ्यांच्या घरी वीज नव्हती. सरकारने कर्ज दिलं, शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढल्या, तेव्हा तारा शिवारात पोचल्या.

आपल्याकडे 1960 मध्ये राज्य वीज मंडळ आलं, 1969 मध्ये ग्रामीण विद्युतीकरण निगम. तारा गावात आल्या, पण बहुतेक ठिकाणी त्या विहिरीसाठी. 1997 पर्यंत सरकारी व्याख्या अशी होती की गावाच्या हद्दीत कशासाठीही वीज वापरली गेली, तरी ते गाव ‘विद्युतीकृत’. म्हणजे मळ्यात एक मोटार चालली की कागदावर गाव उजळलं, वस्तीवर मात्र कंदील. या व्याख्येचा मला आजही राग येतो.

आपल्या कवठे महांकाळ तालुक्यातल्या माणसाला विजेचा अर्थ पाणी, हे वेगळं सांगायला नको. थ्री फेज लाईट बऱ्याचदा रात्री येते. बॅटरी घेऊन द्राक्षबागेत जायचं. लाईट आली रे आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम उचलतात, कारण प्रत्येक स्टार्टरला ऑटो बसवलेला. डीपीवर एकदम भार येतो, फ्यूज जातो, आणि पाणी पुन्हा थांबतं. दोष शेतकऱ्याचा नाही. लाईट कधी येईल याचा भरवसाच नसेल, तर तो ऑटो बसवणारच.

आता कोयना पाहा. 1962 पासून तिथे वीज तयार होते. धरणाचं पाणी सह्याद्रीच्या बोगद्यातून पश्चिमेला, पोफळीकडे सोडतात. कृष्णा लवादाने त्यासाठी वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मान्य केलं आहे. जे पाणी कराडला कृष्णेत मिसळून सांगलीवरून गेलं असतं, ते कोकणात उतरतं. आणि इकडे म्हैसाळला कृष्णेचं पाणी पंपाने टप्प्याटप्प्याने उचलून आपल्या तालुक्याकडे, जतकडे चढवावं लागतं.

हिशेब साधा आहे. पंपातली तूट धरून हजार लिटर पाणी शंभर मीटर चढवायला साधारण 0.4 युनिट लागतात. एक टीएमसीला, प्रत्येक शंभर मीटरमागे, एक कोटीहून जास्त युनिट. म्हणून म्हैसाळ योजनेचे पंप बंद पडले तर विचारावं लागतं, पाणी संपलं की बिल थकलं? सरकारने बिलाचा 81 टक्के भार उचलायचा आणि शेतकऱ्यांनी 19 टक्के, हा तोडगा निघाला तेव्हाच इथल्या बागायतदाराला श्वास घेता आला. मुंबईच्या गिरण्यांना वीज देताना डोंगराची उंची कामी आली. आपल्याला तीच उंची पैसे मोजून चढावी लागते, आणि ते पैसे राज्याने भरले तर ती कुणाची मेहेरबानी नव्हे.