एकट्या आज्ञावलीकाराची पाठराखण

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संगणकाच्या क्षेत्रात स्वतंत्रपणे काम करणाऱ्या तरुणांविषयी चार शब्द सांगावेत, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, याबद्दल मी ऋणी आहे. विषय काहीसा नवा आहे. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आपणांस परका नाही. गुणी माणूस एकटा असेल, तर त्याचा गुण लोकांपुढे कसा यावा, त्यास कोणी शिकवावे आणि अडचणीत त्याच्या पाठीशी कोणी उभे राहावे, हाच तो प्रश्न होय.

संगणकाकडून काम करवून घेण्यासाठी ज्या सूचना लिहाव्या लागतात, त्यांस आपण आज्ञावली म्हणतो. कंपनीत नोकरी करून आज्ञावली लिहिणारे तरुण-तरुणी आज घरोघर आहेत. मला बोलावयाचे आहे ते निराळ्या तरुणाविषयी. तो कोणाच्या हुकुमावाचून, स्वतःच्या कल्पनेने, बहुधा रात्री उशिरापर्यंत बसून काही घडवीत असतो. घरच्यांस वाटते, पोर वेळ दवडतो आहे. आपल्याकडे मल्ल तयार होतो तो कसा, हे आठवावे. त्यास आखाडा लागतो, वस्ताद लागतो आणि खुराक लागतो. तिहींपैकी एक उणे पडले तरी अंगचे बळ वाया जाते. या तरुणाचीही गरज नेमकी हीच आहे.

प्रथम आखाड्याचा विचार करू. १९९१ च्या ऑगस्ट महिन्यात हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने, आपण छंद म्हणून एक संगणकप्रणाली रचीत आहोत, असे जाहीर केले आणि तीत काय असावे याविषयी लोकांची मते मागितली. काम त्या वेळी अपुरे होते. पुढच्याच महिन्यात त्याने ते इतरांस पाहण्यासाठी खुले केले, आणि १९९२ मध्ये कोणीही ते वापरावे, सुधारावे व सुधारलेले पुन्हा वाटावे, अशा परवान्याखाली आणले. त्या लिनक्सचा गाभा आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे. म्हणजे या सभागृहातील कित्येकांच्या खिशात आहे.

काम सर्वांगी पुरे झाल्यावाचून चारचौघांत आणू नये, हा संकोच आपल्या मुलांत फार दिसतो. तो सोडावयास हवा. २००८ साली सुरू झालेल्या गिटहबसारख्या ठिकाणी आज्ञावली ठेवली, म्हणजे कोणता बदल कोणी व केव्हा केला याची नोंद राहते. तालुक्याच्या गावी शिकलेल्या मुलास ही नोंद प्रशस्तिपत्रकाइतकीच उपयोगी पडते. मात्र नुसते ठेवून भागत नाही. हे कशासाठी केले व कसे चालवावे, हे सोप्या शब्दांत लिहावे. दोष कळविणाऱ्यास आदराने उत्तर द्यावे. बंगळूरास २००९ मध्ये सुरू झालेल्या पायकॉन इंडियासारख्या परिषदांत व्याख्यानासाठी प्रस्ताव धाडण्यास कोणासही मज्जाव नाही.

आता वस्तादाकडे वळू. मुक्त आज्ञावलींच्या प्रकल्पांत नवख्याने केलेला बदल ज्येष्ठ सहकारी ओळ न् ओळ वाचतो, चुका दाखवितो, आणि दुरुस्ती झाल्यावरच तो स्वीकारतो. कोणत्याही वर्गात न मिळणारे हे शिक्षण आहे, आणि त्याचे मोल पडत नाही. गूगलने २००५ पासून ‘समर ऑफ कोड’ हा उपक्रम चालविला आहे; त्यात उमेदवारास मार्गदर्शक नेमून दिला जातो आणि कामाबद्दल विद्यावेतनही मिळते. आरंभी तो केवळ विद्यार्थ्यांसाठी होता. २०२२ पासून अठरा वर्षांवरील इतर नवख्यांसही खुला झाला. जीनोम प्रकल्पाने स्त्रियांसाठी चालविलेल्या कार्यातून वाढलेली ‘आउटरीची’ ही योजना, ज्यांस या क्षेत्रात सहजी शिरकाव मिळत नाही, अशांस घरबसल्या तीन महिन्यांची सवेतन उमेदवारी देते. निवडीपूर्वीच उमेदवारास एखाद्या प्रकल्पात लहानसे काम करून दाखवावे लागते. या दोन्ही ठिकाणी उमेदवाराकडून फी घेत नाहीत, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

वस्तादास प्रश्न विचारण्याचीही एक रीत आहे. ‘माझे चालत नाही’ एवढेच म्हणणाऱ्यास कोण काय सांगणार? आपण काय करू पाहिले, काय घडले, यंत्राने कोणता संदेश दिला, हे नीट मांडले की अनोळखी माणूसही मदतीस येतो. इंग्रजीच्या धाकाने जो बिचकतो, त्याच्यासाठी एक दार मायबोलीतच उघडे आहे. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस यांची मराठी रूपे स्वयंसेवकांच्या श्रमावर उभी आहेत. त्या भाषांतरास हात लावणे, हीदेखील उत्तम सुरुवात होय.

राहिला खुराक, आणि येथेच आपण समाज म्हणून उणे पडतो. २०१४ च्या एप्रिलात ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघडकीस आला. इंटरनेटवरील असंख्य व्यवहार ज्या ओपनएसएसएलच्या भरवशावर गुप्त राहतात, तीतच तो होता. तेव्हा जगास कळले की, या प्रकल्पास वर्षाकाठी देणग्या मिळत त्या सुमारे २००० डॉलरच्या, आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच! त्यानंतर लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने मोठ्या कंपन्यांनी निधी उभारला.

तरीही धडा पुरता गिरविला गेला नाही. एक्सझेड नावाची एक साधीशी आज्ञावली फिनलंडमधील एक गृहस्थ वर्षानुवर्षे विनावेतन सांभाळीत होते. ते थकले असता त्यांच्यावर घाईचा दबाव आणण्यात आला, आणि मदतनीस म्हणून कोणी टोपणनावाने पुढे झाला. दोनेक वर्षे विश्वास संपादून त्याने तीत चोरदरवाजा बसविला. २०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास, यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढेच खटकले. त्याने माग काढला आणि अनर्थ टळला. एकट्या माणसाचा थकवा हा सर्वांचाच धोका ठरतो, हे यावरून दिसून येईल.

जर्मन सरकारने २०२२ मध्ये अशा कामांसाठी निधी सुरू केला. आपल्याकडे झिरोधा कंपनीने २०२४ मध्ये वर्षाला दहा लक्ष डॉलर देण्याचे घोषित केले. एवढी झेप आपली नव्हे. परंतु आपल्यासारख्या मंडळांनी एके काळी वसतिगृहे काढली, वह्या-पुस्तके दिली, आणि त्यावर पिढ्या शिकल्या. तोच धर्म आता नव्या रूपात पाळावा. महिन्यातून एका रविवारी या वास्तूची एक खोली व इंटरनेट या मुलांस मिळावे. या व्यवसायात मुरलेल्या सभासदांनी त्या दिवशी दोन तास बसून त्यांचे काम वाचावे. विद्यार्थी निधीतून एखाद-दुसरा संगणक वापरावयास द्यावा, परिषदेस जाण्याचे गाडीभाडे द्यावे. आणि घरात कोणी विनावेतन आज्ञावली सांभाळीत असेल, तर त्याचा उपहास करू नये.

शेवटी एक नम्र विनंती. या खोलीचे दार ज्ञातीच्या मुलांपुरते ठेवू नये. आज्ञावली बरोबर की चूक, हे यंत्र चालवून ठरते. लिहिणाऱ्याच्या आडनावाने ते ठरत नाही. हेलसिंकीच्या त्या विद्यार्थ्याने आपले काम जगास दिले, तेव्हा घेणाऱ्याची जात विचारली नव्हती. त्या दानावर वाढलेल्यांनी ती विचारणे शोभणार नाही. कार्यकारी मंडळाने हा प्रस्ताव येत्या बैठकीत विचारात घ्यावा, आणि पहिल्या रविवारी वाचनास बसणाऱ्यांत माझे नाव लिहून घ्यावे.